समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर प्रवाळ?

प्रश्न : सिंदी (मेघे) इथे आमचे दोन गुंठ्यांचे पॉलिहाऊस आहे. काही हंगाम ढोबळी मिरची घेतली, पण फुलकिडे आणि पडलेले भाव यांनी कंबर मोडली. आता ते रिकामे आहे. मुलाने मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिकडे लोक काचगृहात प्रवाळ वाढवतात आणि नखाएवढा तुकडा आपल्या हजारो रुपयांना विकतात. आमच्याकडे विहीर आहे, थ्री फेज वीज आहे, काम करायची तयारी आहे. वर्ध्यात हे जमेल का? परवाना कोणाकडून घ्यायचा? आणि अंगठीत घालतात ते पोवळे हेच का?
— एक वाचक, सिंदी (मेघे), जि. वर्धा

उत्तर : मुख्य गोष्ट आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे अडकणार नाहीत. त्या व्हिडिओत दिसतात तसले दगडी प्रवाळ वाढवून विकण्याचा धंदा भारतात करता येत नाही. वर्ध्यात नाही आणि समुद्रकाठच्या मालवणातही नाही. त्यासाठी परवाना देणारे कार्यालयच नाही. पण रिकाम्या पॉलिहाऊसमध्ये पाण्यातले जीव वाढवावेत, हा तुमच्या मुलाचा विचार टाकून देण्यासारखा नाही. जीव मात्र वेगळा निवडावा लागेल, आणि तो तुमच्या विहिरीचे पाणी बघून निवडावा लागेल.

पोवळ्याचे आधी उरकू. मंगळासाठी घालतात ते लाल पोवळे म्हणजे भूमध्य समुद्रात खोलवर, अंधाऱ्या कपारीत वाढणाऱ्या एका वेगळ्या प्रवाळाचा सांगाडा. त्याची फांदी वर्षाला एक मिलिमीटरही जाड होत नाही. इटलीतले तोरे देल ग्रेको हे गाव त्याच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. त्याची काचगृहात शेती होत नाही, त्यामुळे ते तुमच्या प्रश्नाबाहेरचे.

व्हिडिओतले प्रवाळ म्हणजे उथळ, उबदार समुद्रात खडक रचणारे प्राणी. दिसायला झाडासारखे किंवा दगडासारखे असले तरी प्रत्येक तुकड्यावर शेकडो बारीक जीव एकमेकांना चिकटून बसलेले असतात. त्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणून प्रवाळाला ऊन लागते आणि म्हणूनच काचगृहात त्याची शेती शक्य होते. पाणी फार तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी लाट आल्याचे जाहीर केले, ती हीच गोष्ट.

तुमच्या मुलाने पाहिलेला धंदा खरा आहे आणि तो समुद्रकाठीच वाढला असेही नाही. डेट्रॉइट विमानतळाजवळच्या रोम्युलस गावात डिक पेरिन यांनी ‘ट्रॉपिकोरियम’ नावाची काचगृहे उभारून प्रवाळ वाढवले. हे मिशिगन राज्य, हिवाळ्यात बर्फाने झाकले जाणारे. आयडाहो राज्यातले बॉइसी तर डोंगराळ मुलखात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तिथेही लीरॉय हेडली यांनी काचगृहात प्रवाळाची कलमे केली. पेनसिल्व्हेनियातल्या अँथनी काल्फो यांनी हा सगळा अनुभव २००१ साली पुस्तकरूपात आणला, आणि हौशी लोकांची एक पिढी त्यावर शिकली. तेव्हा ‘समुद्र नाही म्हणून होणार नाही’ हे उत्तर मी तुम्हाला देणार नाही.

रीत साधी आहे. मोठ्या प्रवाळाची फांदी हाडे कापायच्या कातरीने तोडायची, दगडासारखा भरीव असेल तर पाणी सोडणाऱ्या करवतीने कापायचा. तुकडा चिनीमातीच्या छोट्या बुंध्यावर घट्ट डिंकाने चिकटवायचा. हा डिंक म्हणजे आपल्याकडे फेविक्विक म्हणून मिळतो त्याच जातीचा. काही आठवड्यांत जखम भरते आणि तुकडा बुंध्यावर पसरू लागतो. फ्लोरिडातल्या मोट प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन यांच्या हातून एकदा एक तुकडा चुकून फुटून अगदी बारीक झाला. टाकून दिल्यासारखे ते कण अपेक्षेपेक्षा कितीतरी पट वेगाने वाढले. खडकांची डागडुजी करणारे शास्त्रज्ञ आज तीच युक्ती जाणूनबुजून वापरतात.

खरी मेहनत असते ती पाण्यावर. समुद्राचे पाणी घरी बनवावे लागते. आरओचे जवळजवळ शुद्ध पाणी घेऊन त्यात खास मीठ मिसळायचे, दर हजार लिटरला साधारण ३५ किलो. तापमान २४ ते २७ अंशांच्या मध्ये, लिटरमागे कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम, शिवाय क्षारता आणि मॅग्नेशियम दर आठवड्याला तपासायचे. बाष्पीभवनाने पाणी जाते पण मीठ मागेच राहते, म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालायची.

आता हे तुमच्या गावावर बसवून बघू. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. गंमत म्हणजे कोरड्या उन्हाळ्यात पॅड आणि पंखे लावून पॉलिहाऊस बरेच थंड करता येते, कारण कूलरचे तत्त्व कोरड्या हवेत उत्तम चालते. पण तेव्हा टाक्यांतले पाणीही झपाट्याने उडते आणि खारटपणा रोज हलतो. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात पॅड निकामी होतात, मग पाणी थंड करणारे चिलर लावावे लागतात. जानेवारीतल्या थंड रात्री उलट हीटर लागतात. आणि उन्हाळ्यात वीज चार तास गेली, तर वर्षभर वाढवलेला माल एका दुपारी पांढरा पडू शकतो.

मला मात्र याहून मोठी अडचण मिठाची वाटते. हजार लिटरच्या एका टाकीतले दहा टक्के पाणी आठवड्याला बदलले, तर शंभर लिटर खारे पाणी बाहेर पडते. म्हणजे साडेतीन किलो मीठ. वर्षाच्या हिशोबाने १८२ किलो, आणि हे फक्त एका टाकीचे. मुंबईत ते गटाराने खाडीला जाईल. सिंदी मेघेत ते कुठे जाणार? काळ्या मातीत मीठ मुरले की माती चिकट होते, पाणी धरून बसते आणि पीक खुरटते. तुमच्या विहिरीचे आणि शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी जमिनीखाली एकच असू शकते. कायद्याने हा धंदा उद्या खुला झाला, तरी या एका कारणाने मी तुम्हाला तो करू नका असे म्हणेन.

आता कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक रचणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गनपाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे घालण्यात आले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने या प्रवाळाला वाघाच्या रांगेतले संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची मांडणी बदलली, पण प्रवाळाचे संरक्षण कायम राहिले. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, आणि दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. त्यामुळे कोणी ‘हा तुकडा टाकीतच वाढवलेला आहे, समुद्रातला नाही’ असे सांगून विकायला आला तर घेऊ नका. परदेशातून पार्सलने मागवणे हाही मार्ग नाही.

मऊ प्रवाळ आणि बटणासारखे झोअँथिड यांची नावे पहिल्या अनुसूचीत तशी नाहीत, आणि काही दुकानदार त्याचाच आधार सांगतात. पण ते किनाऱ्यावरच्या खडकांवरून खरवडून आणलेले असतात की काय, हे विकणारा कधीच सांगत नाही. शिवाय झोअँथिडांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. कापताना ते डोळ्यांत किंवा जखमेत गेले तर माणूस दवाखान्यात जातो. लहान मुले वावरतात तिथे ही वस्तू नको.

कायदा किती बारकाईने पाळला जातो याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याचे काम सुरू झाले तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या वसाहती सापडल्या. नखाएवढ्या, तळव्याएवढ्या. त्या भरावाखाली गाडता येईनात. वनखात्याची परवानगी घेऊन राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी नोव्हेंबर २०२० मध्ये अठरा वसाहती खडकासकट उचलल्या आणि दुसरीकडे बसवल्या. त्यांतल्या काही कुलाब्याच्या नेव्ही नगरजवळ गेल्या. हजारो कोटींच्या रस्त्याला अठरा छोट्या वसाहतींसाठी थांबून परवानगी घ्यावी लागली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्याआधी २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटातले लोक ओहोटीच्या वेळी सामान्य मुंबईकरांना घेऊन याच खडकांवर फिरत होते आणि इथे काय जिवंत आहे ते दाखवत होते.

राज्यात आणखी दोन ठिकाणे लक्षात ठेवा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. आणि विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक, म्हणजे समुद्रात बुडालेले पठार, आहे; तिच्या माथ्यावर प्रवाळांचा सुंदर पसारा आहे. प्रवाळाला भाव मिळाला की पिशवीत घालून आणलेला तुकडा टाकीतला की मालवणच्या खडकावरचा, हे कोणीही ओळखू शकत नाही. भारतात ही दारे बंद आहेत, आणि याच कारणाने मला ते पटते.

तुकडे लावून प्रवाळ वाढवण्याचे काम भारतात होत नाही असे नाही. तुतिकोरिनची सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्था २००२ पासून मन्नारच्या आखातात उद्ध्वस्त खडकांवर प्रवाळ लावते आहे. गुजरातेत मिठापूरच्या किनाऱ्यावरही असे काम झाले आहे. पण ते परवानगीने, समुद्रात, खडक पुन्हा भरून यावेत म्हणून. विक्रीसाठी नाही. तुमच्या मुलाला या विषयाची खरी ओढ असेल, तर सागरी जीवशास्त्राचे शिक्षण घेऊन अशा संस्थेत जाण्याचा मार्ग त्याच्यापुढे मोकळा आहे.

मग पॉलिहाऊसचे काय? समुद्र बनवायचा म्हणजे आधी पाण्यातले सगळे काढायचे आणि मग विकतचे मीठ घालायचे. त्याऐवजी तुमच्या विहिरीत जे आयते आहे तिथून सुरुवात करा. वर्ध्याच्या काळ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुतेक जड असते. डाळ शिजायला वेळ लागतो, भांड्यावर पांढरे थर बसतात. स्वयंपाकाला त्रासदायक ठरणारे हेच पाणी काही शोभिवंत माशांना हवे असते. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या पिल्ले देणाऱ्या जाती जड पाण्यात चांगल्या वाढतात. गप्पी तर तुमच्या परिचयाचा, डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप विभाग तो वाटतो. त्याच्या रंगीत शेपटीच्या निवडलेल्या जातींना शौकिनांकडे मागणी असते.

त्याहून एक पायरी वर जायचे असेल तर आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड बघा. त्यांना जड, किंचित अल्कधर्मी पाणीच लागते. निळे, पिवळे, नारिंगी असे त्यांचे रंग समुद्री माशांच्या तोडीचे असतात. मादी अंडी आणि पिल्ले साधारण तीन आठवडे तोंडात सांभाळते आणि त्या काळात फारसे खात नाही. प्रवाळाच्या व्हिडिओत तुमच्या मुलाला जो रंग भावला, तो त्याला इथे गोड्या पाण्यात मिळेल.

मऊ पाणी लागणाऱ्या जातींसाठी, म्हणजे एंजल किंवा टेट्रासाठी, तुमच्याकडे छप्पर आहे. दोन गुंठे म्हणजे सुमारे दोनशे चौरस मीटर. वर्ध्याला वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला ८० टक्के जरी पन्हळीने टाकीत नेला, तरी एक लाख साठ हजार लिटर मऊ पाणी फुकट मिळते. विहिरीचे जड आणि पावसाचे मऊ पाणी हवे त्या प्रमाणात मिसळता आले, की कोणत्याही माशासाठी पाणी तयार करता येते. वर्ध्यातल्याच मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघ सुरू झाला तो अशाच विचाराने, जवळ जे आहे त्यातून उद्योग उभा करण्यासाठी.

प्रवाळाच्या कामाशी सगळ्यात जवळचे काम मात्र माशांचे नाही, ते जलवनस्पतींचे आहे. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरायनी, ब्युसेफॅलॅन्ड्रा या मत्स्यालयातल्या वनस्पती पाण्याबाहेरही वाढवता येतात. मुळे ओल्या खडीत, पाने दमट हवेत. अनुबियासचे आडवे खोड तीन-चार पानांचा एकेक तुकडा पाडून कापायचे, खडीवर किंवा लाकडावर बांधायचे आणि वाट पाहायची. चिकाटी तीच, कापणे तेच, आणि कायद्याची भीती नाही. ढोबळी मिरचीसाठी तुम्ही जे फॉगर आणि शेडनेट लावले होते ते इथे थेट उपयोगी पडते. पॉलिहाऊसच्या जाळीचा माशांनाही फायदा आहे. उघड्या टाकीत खंड्या आणि बगळे मासे उचलतात, चतुर पाण्यात अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या पिल्लांचा फडशा पाडतात. जाळीच्या आत हे तिन्ही शत्रू येत नाहीत.

मे महिना इथेही कठीणच. पंचाहत्तर टक्के सावली, पॅड-पंखे आणि जमिनीत अर्ध्या बुडवलेल्या सिमेंटच्या टाक्या, एवढे तरी करावेच लागेल. मातृसाठा, म्हणजे ज्यांच्यापासून पुढचे सगळे तयार होणार ते मासे आणि झाडे, घरातल्या थंड खोलीत वेगळा ठेवा. हवेचे पंप बॅटरीवर चालतील अशी सोय पहिल्या दिवसापासून हवी.

प्रश्न : नीमोसारखे समुद्री मासे तरी वाढवता येतील का? ते काही प्रवाळ नाहीत.

उत्तर : नीमो म्हणजे क्लाउनफिश. तो पहिल्या अनुसूचीत नाही आणि भारतात त्याची पैदास करण्याचे तंत्र तयार आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशन आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांनी समुद्री शोभिवंत माशांची उबवणी केंद्रे चालवली आहेत. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर याच ब्युरोने स्थानिक महिलांना शोभिवंत कोळंबी वाढवायला शिकवले. पण खाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न तसाच राहतो. गोड्या पाण्यात दोन वर्षे मुरल्यावर, हजार लिटरच्या आत, आणि खारे पाणी उघड्यावर वाळवायची व्यवस्था करून मगच याचा विचार करा.

प्रश्न : सरकारी मदत मिळते का?

उत्तर : २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मासे वाढवण्याच्या परसातल्या युनिटचा खर्च ३ लाख, मध्यम युनिटचा ८ लाख आणि गोड्या पाण्यातल्या एकात्मिक युनिटचा २५ लाख रुपये धरलेला आहे. सर्वसाधारण प्रवर्गाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान. अर्ज घरातल्या महिलेच्या नावे करायचा का, हे घरात बसून ठरवा. सध्या अर्ज घेतले जात आहेत का, ते वर्ध्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा. प्रशिक्षणासाठी नागपूरचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय तुमच्यासाठी सगळ्यात जवळचे आहे. अनुदान डोळ्यापुढे ठेवून मोठे युनिट मात्र उभारू नका, परसातल्या युनिटनेच सुरुवात करा.

विक्रीसाठी आधी नागपूरच्या मत्स्यालयांच्या दुकानांत फिरा आणि दोन गोष्टी विचारा. माल कुठून येतो आणि येताना किती मरतो? कोलकाता आणि चेन्नईचे कोळत्तूर ही देशातली मोठी केंद्रे आहेत. तिथून पिशवीत बंद होऊन आलेला मासा थकलेला असतो. वर्ध्याहून नागपूरला दीड-दोन तासांत ताजा मासा पोचवणारा माणूस दुकानदाराला हवाच असतो. वर्धा हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे पुढे कुर्ल्याचा बाजारही आवाक्यात येईल.

एक अट मी कळकळीने घालतो. नको झालेला एकही मासा धाम नदीत, तलावात किंवा शेततळ्यात सोडू नका. मत्स्यालयातून सुटलेल्या सकर माशाने उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांची आणि स्थानिक माशांची काय दशा केली, ते तिथल्या मच्छीमारांना विचारा. टाकीचे पाणीही नाल्यात न सोडता झाडांना घाला. हे पाणी खताचे काम करते.

पहिले काम पाण्याची तपासणी. विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत देऊन सामू, एकूण विरघळलेले क्षार, कठीणपणा आणि नायट्रेट एवढे तपासून घ्या. शेतातली खते झिरपून विदर्भातल्या अनेक विहिरींत नायट्रेट वाढलेले असते आणि पिल्लांना ते सोसत नाही. अहवालातले हे चार आकडे मला कळवा. त्यावरून सिक्लिड घ्यायचे की मॉली, आणि पावसाचे पाणी किती मिसळायचे, ते पुढच्या अंकात नेमके सांगेन.